जिल्हा परिविक्षा अधिकारी काय करतात? शिक्षा झाल्यावरही तुरुंगाबाहेर राहता येते ते कसे?

'प्रोबेशन' म्हटले की बहुतेकांना नव्या नोकरीतले पहिले वर्ष आठवते, नाहीतर बँकेतला 'पीओ'. कायद्यातले प्रोबेशन वेगळे आहे. सरकारी मराठीत त्याला परिविक्षा म्हणतात. गुन्हा सिद्ध झालेल्या माणसाला लगेच तुरुंगात न पाठवता, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर आणि देखरेखीखाली घरीच राहू देण्याची ही पद्धत आहे. देखरेख करणारा तो परिविक्षा अधिकारी.

अमेरिकन मालिकांमध्ये हा अधिकारी वारंवार दिसतो. तिथे अनेक ठिकाणी कौंटीचे, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचे, स्वतंत्र प्रोबेशन खाते असते आणि त्याचा प्रमुख मोठा अधिकारी मानला जातो. एकट्या कॅलिफोर्नियात अशा ५८ कौंटी आहेत. महाराष्ट्रात असे स्वतंत्र खाते नाही. इथे हे काम महिला व बाल विकास विभागाकडे आहे. विभागाचे आयुक्तालय पुण्यात आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयप्रमुख असतात. जिल्हा परिविक्षा अधिकारी याच यंत्रणेत बसतात. कायद्याने मात्र त्यांच्यावर आणखी एक नियंत्रण ठेवले आहे: गुन्हेगार ज्या जिल्ह्यात राहतो तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्याचे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचे.

ही कल्पना जुनी आहे. बोस्टनमधल्या जॉन ऑगस्टस नावाच्या चांभारकाम करणाऱ्या गृहस्थाने १८४१ मध्ये एका दारुड्याला स्वतःच्या जबाबदारीवर कोर्टातून सोडवून नेले, तिथून तिची सुरुवात मानतात. मुंबई प्रांताने १९३८ मध्येच स्वतःचा प्रोबेशन कायदा केला होता. देशाचा कायदा, अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८ मध्ये आला आणि आजही तोच चालतो.

रहिमतपूरच्या एका पोराचे उदाहरण

कायदा कलमांपेक्षा प्रसंगातून लवकर कळतो. समजा, रहिमतपूरच्या शिवारातल्या एका विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली. रहिमतपूर पोलिसांनी १९ वर्षांच्या मुलाला पकडले. पहिलाच गुन्हा. खटला कोरेगावच्या न्यायालयात चालला आणि चोरी सिद्ध झाली. भारतीय न्याय संहितेत चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची वस्तू पहिल्यांदाच चोरणाऱ्याने ती परत केली तर समाजसेवेची शिक्षा देण्याची सोय नव्या संहितेत आहे, पण मोटार त्या किमतीत कुठली बसायला!

इथे १९५८ च्या कायद्याचे कलम ६ उभे राहते. आरोपी २१ वर्षांखालचा असेल आणि गुन्ह्याला जन्मठेप नसेल, तर कलम ३ किंवा ४ खाली सोडणे योग्य नाही अशी खात्री पटल्याशिवाय न्यायालयाने त्याला कैदेत पाठवायचे नाही. पाठवलेच तर कारणे लेखी नोंदवायची. आणि हे ठरवण्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा. म्हणजे कोरेगावच्या न्यायालयाकडून कागद साताऱ्याला जातो आणि साताऱ्याहून कोणीतरी रहिमतपूरला त्या मुलाच्या घरी येते.

या फेरीत अधिकारी काय पाहतो? घरात कमावते कोण, मुलगा शिकतोय की कामाला जातो, संगत कोणती, दारूचे व्यसन घरात आहे का, शेजारी काय सांगतात, त्याला कामावर ठेवणारे कोणी आहे का. गुन्हा केला की नाही हा प्रश्न त्याच्यापुढे नसतो, तो न्यायालयाने आधीच सोडवलेला असतो. पोलिसांच्या तपासात आणि या चौकशीत हाच फरक आहे, आणि अधिकारी दारात आला की घरची माणसे घाबरतात ती हा फरक ठाऊक नसल्यामुळे. अहवाल गोपनीय असतो. न्यायालय त्याचा सारांश आरोपीला सांगू शकते आणि त्याबाबत पुरावा द्यायची संधीही देऊ शकते.

अहवाल न्यायालयावर बंधनकारक नाही. मात्र कलम ४ खाली कोणाला सोडायचे असेल तर तो मागवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिल्ली महानगरपालिकेच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. एका माणसाने काही तासांच्या भेटीत लिहिलेल्या पानांवर दुसऱ्याची दोन-तीन वर्षे अवलंबून असतात, हे लक्षात घेतले की या पदाचे वजन कळते.

सुटका म्हणजे मोकळीक नव्हे

कलम ३ खाली फक्त समज देऊन सोडता येते. कलम ४ खाली बंधपत्र घेतले जाते, जास्तीत जास्त तीन वर्षांचे. सोबत देखरेखीचा आदेश दिला तर ती किमान एक वर्ष चालते. राहण्याचे ठिकाण न बदलणे, नशा न करणे अशा अटी घालता येतात. नुकसानभरपाईही द्यायला लावता येते. आपल्या उदाहरणात मोटारमालकाला. ती भरायला मुलाला सल्ला आणि मदत देणे हे कायद्याने अधिकाऱ्याचेच काम आहे, तसेच गरज पडल्यास त्याला योग्य रोजगार मिळावा म्हणून प्रयत्न करणेही. ही शेवटची जबाबदारी कायद्यात स्पष्ट लिहिलेली आहे आणि सर्वात कमी लोकांना माहीत आहे.

वागणूक चांगली राहिली तर मुदतीआधी बंधपत्रातून मुक्त करण्यासाठी अधिकारीच न्यायालयाकडे अर्ज करू शकतो. अट मोडली तर न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकते. पहिल्या चुकीला दंडावर भागवायचे ठरले, तर त्याची कमाल रक्कम ५० रुपये, १९५८ मध्ये लिहिलेली.

सगळ्यांनाच हा लाभ मिळत नाही. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांत कलम ४ लागत नाही. बेदरकार गाडी चालवून जीव घेणाऱ्यांना प्रोबेशनचा विचार न्यायालयांनी करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दलबीर सिंह प्रकरणात बजावले आहे.

एक अट मात्र गरिबाला नडते. आरोपीचे किंवा त्याच्या जामीनदाराचे त्या न्यायालयाच्या हद्दीत, किंवा बंधपत्राच्या मुदतीत आरोपी जिथे राहण्याची शक्यता आहे तिथे, राहण्याचे निश्चित ठिकाण किंवा नियमित कामधंदा असला पाहिजे. रहिमतपूरच्या पोराला हे अवघड नाही. पण कोरेगाव तालुक्यात ऊसतोडीला मराठवाड्यातून आलेल्या टोळीतला मुलगा असेल तर? फडाशेजारची खोप पत्ता म्हणून कोण धरणार, आणि हंगाम संपल्यावर देखरेख कोणी करायची? अशा वेळी कामधंद्याची आणि मूळ गावाची नीट चौकशी करून लिहिलेला अहवालच मदतीला येतो.

१८ वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळा रस्ता

मुलगा १७ चा असेल तर प्रकरण कोरेगावच्या नेहमीच्या न्यायालयात चालत नाही, ते बाल न्याय मंडळाकडे जाते आणि २०१५ चा बाल न्याय कायदा लागतो. इथे परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपास अहवाल द्यायचा असतो. मंडळ मुलाला जामिनावर सोडू शकते किंवा त्याच अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकते.

मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर '३०० शब्दांचा निबंध' देशभर फिरला. अनेकांनी ती शिक्षा समजली. ती जामिनाची अट होती, आणि काही दिवसांतच मंडळाने त्या मुलाला निरीक्षणगृहात पाठवले. संताप समजण्यासारखा होता, पण जामीन, देखरेख आणि शिक्षा या तीन गोष्टी त्या गदारोळात एक झाल्या.

मोबाइलवर बातम्या पुढे पाठवणाऱ्यांनी कलम ७४ माहीत करून घ्यावे. अशा मुलाचे नाव, फोटो, शाळा, पत्ता, ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हाच तो' म्हणून फोटो टाकणाराही त्यात अडकू शकतो.

कार्यालयप्रमुखाच्या टेबलावर एवढेच नसते. निरीक्षणगृहे व बालगृहे, बाल कल्याण समितीपुढची प्रकरणे, कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी, बालविवाह रोखणे, आणि निराधार मुलांना दरमहा २,२५० रुपये देणारी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, ही सगळी कामे तिथेच येतात. आज बालसंगोपनाची गृहचौकशी, उद्या न्यायालयाचा अहवाल.

भरतीचे काय?

सातारा जिल्ह्यात हा प्रश्न पहिला येतो, कारण सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले गावोगाव आहेत. कलम ३ किंवा ४ खाली सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही, असे कलम १२ म्हणते. पण याचा अर्थ दोषसिद्धी पुसली गेली असा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये बक्षी राम प्रकरणात सांगितले. फॉर्ममध्ये विचारले असेल तर माहिती लिहावी लागते. ती लपवल्यास नोकरी जाऊ शकते, हे २०१६ च्या अवतार सिंह निकालातून दिसते. १८ खालच्या मुलांना जास्त संरक्षण आहे: अपिलाची मुदत संपल्यावर त्यांच्या नोंदी नष्ट करायच्या असतात, मात्र १६ वर्षांवरील मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालून तो दोषी ठरला असेल तर नाही.

प्रोबेशनची मागणी करायची वेळ म्हणजे दोषी ठरवल्यानंतर, शिक्षा सुनावण्याआधी. त्या वेळी वकिलाने ती करावी. वकील परवडत नसेल तर कोरेगावच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. लहान मुलांच्या बाबतीत १०९८ हा क्रमांक आहेच.