करवसुलीचे तोतये

तोतया म्हटला कीं मराठी वाचकांस पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो. १७७६ सालीं पारिपत्य होईपर्यंत त्यानें पेशवाईस पुष्कळ घोर लाविला. त्याला निदान भाऊसाहेबांचें रूप दाखवावें लागे. आमच्या काळच्या तोतयास दूरध्वनीवरील आवाज पुरतो, आणि तो आवाज पुष्कळदां सरकारचा असतो.

ह्याचें ठळक उदाहरण आमच्याच दाराशीं घडलें. ऑक्टोबर २०१६ मध्यें ठाण्याच्या पोलिसांनीं मिरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घालून ७०० हून अधिक माणसें चौकशीसाठीं ताब्यांत घेतलीं. त्यांत बहुतेक तरुण होते. तेथून अमेरिकन नांवें धारण करून, आपण तिकडील करखात्याचे अधिकारी आहोंत असें सांगून, थकलेला कर तत्काळ न भराल तर अटक होईल, असा धाक अमेरिकेंतील गृहस्थांस घातला जाई. रक्कम भरावयाची तीहि कशी? तर दुकानांतून भेटकार्डें विकत घेऊन त्यांवरील आंकडे दूरध्वनीवर वाचून दाखवावयाचे! अहमदाबादेसहि अशींच केंद्रें होतीं. त्यांच्यासंबंधींच्या खटल्यांत २०१८ सालीं अमेरिकेंत २० हून अधिक आरोपींस कारावास झाला. सर्वांत दीर्घ शिक्षा २० वर्षांची होती.

शहाणींसुरतीं माणसें ह्या जाळ्यांत सांपडलीं कशीं? आमच्या मतें, करखात्याची भीति सर्वांस असते, त्याच्या रीतीची माहिती मात्र थोड्यांस. १८५७ च्या उठावानें रिता झालेला खजिना भरण्यासाठीं जेम्स विल्सन ह्यांनीं १८६० सालीं हिंदुस्थानांत प्राप्तिकर आणिला. त्याला लोकांचें प्रेम कधींच लाभलें नाहीं. परंतु कायद्याचा कर लेखी मागणी करतो, मुदत देतो, हरकत ऐकतो व पावती देतो. तोतया नेमक्या ह्या चारी गोष्टी टाळतो. घाई हेंच त्याचें भांडवल.

विवरणपत्रांच्या हंगामांत तो भयाऐवजीं लोभहि दाखवितो: आपला परतावा मंजूर झाला आहे, सोबतच्या लिंकवर बँकेचा तपशील भरावा! अशा वेळीं त्या लिंकची वाट न धरतां आपण स्वतः खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन पाहावें. १ ऑक्टोबर २०१९ पासून आपल्या प्राप्तिकर खात्याच्या पत्रांवर संगणकानें दिलेला ओळखक्रमांक असावा असा नियम आहे, आणि तो तेथें पडताळतां येतो. ओटीपी व पासवर्ड कोणासहि सांगूं नये. पैसे गेलेच तर लाज न धरतां तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावें.

भाऊंच्या तोतयाची पुण्यांत चौकशी झाली, साक्षी घेतल्या गेल्या. आपल्या घरीं दूरध्वनी खालीं ठेवून तेवढी चौकशी करण्यास घटकाभर वेळ पुरे. आणखी एक चौकशी मात्र अवघड आहे. चांगलें इंग्रजी बोलणारा आपला मुलगा रात्रपाळीस कोठें जातो व कसला पगार घरीं आणतो, हें विचारणें. मिरा रोडच्या प्रकरणानंतर हा प्रश्न टाळण्याचा अधिकार आम्हां मध्यमवर्गीयांस उरलेला नाहीं.