मर्ल ओबेरॉनचा जन्मदाखला

२०२३ मध्ये मिशेल योला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं, तेव्हा काही बातम्यांमध्ये जरा अवघडलेली शब्दरचना दिसली: ‘स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली अभिनेत्री’. नुसतं ‘पहिली आशियाई’ का नाही? कारण ८७ वर्षं आधी, १९३६ मध्ये, हेच नामांकन मुंबईत जन्मलेल्या एका मुलीला मिळालं होतं. फक्त जन्म मुंबईतला, हे ती जगाला सांगत नव्हती.

तिचं पडद्यावरचं नाव मर्ल ओबेरॉन. मूळ नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन, घरचं नाव क्वीनी. जन्म १९ फेब्रुवारी १९११. त्याच वर्षी डिसेंबरात राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले. त्यांच्या आठवणीसाठी पुढे गेटवे ऑफ इंडिया उभा राहिला आणि या मुलीचं ‘क्वीनी’ हे नावही त्या राणीवरूनच पडलं, असं सांगतात.

वडील इंग्लंडातल्या डार्लिंग्टनचे, इकडे रेल्वेत इंजिनियर. पहिल्या महायुद्धात गेले ते परतले नाहीत. आई शार्लट सिलोनची, मिश्र वंशाची, रंगाने सावळी. १९१७ मध्ये मायलेकी कलकत्त्याला गेल्या. तिथल्या ला मार्टिनिअर शाळेत मुलींनी क्वीनीला तिच्या मिश्र रक्तावरून इतकं टोचलं, की तिने शाळाच सोडली. अँग्लो-इंडियन म्हणजे तेव्हा धड इकडचे नाहीत, धड तिकडचे नाहीत. साहेब त्यांच्या बोलण्याला ‘ची-ची’ म्हणून हसायचे आणि शेजारचे हिंदुस्थानी त्यांना आपलं मानायचे नाहीत.

गंमत अशी, की त्याच सुमारास मुंबईच्या स्टुडिओंमध्ये उलटा प्रकार चालू होता. घरंदाज बायका कॅमेऱ्यापुढे यायला तयार नव्हत्या, म्हणून पुण्यात जन्मलेली ज्यू मुलगी रूबी मायर्स ‘सुलोचना’ झाली आणि अँग्लो-इंडियन रेनी स्मिथ ‘सीता देवी’ झाली. मूकपट असल्याने भाषेचीही अडचण नव्हती. क्वीनी इथे राहिली असती तर तीही एखादी माधुरी किंवा मनोरमा झाली असती. इथे पडद्यापुरतं नाव बदलून भागत होतं.

तिला मात्र पश्चिमेला जायचं होतं आणि तिकडे नावावर भागणार नव्हतं. कलकत्त्यात तिच्यावर भाळलेला एक माजी नट शार्लटला पाहिल्यावर मागे सरला, असं तिचे चरित्रकार सांगतात. तरीही ती युरोपात गेली, लंडनला पोचली, निर्माता अलेक्झांडर कोर्डाच्या नजरेत भरली. १९३३ च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये ती राणी अ‍ॅन बोलिन झाली. पुढच्याच वर्षी तिने एक जपानी बाई रंगवली. मेकअप करून आशियाई ‘दिसायला’ कुणाची हरकत नव्हती.

प्रसिद्धी खात्याने तिला नवं जन्मगाव दिलं: टास्मानियातलं होबार्ट. निवड हुशारीची होती. ब्रिटिश साम्राज्याचाच तुकडा, आणि इतका लांब की चौकशीला जातंय कोण!

तिला खोटारडी म्हणणं सोपं आहे. पण तेव्हाचे नियम बघा. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानी माणसाला अमेरिकेत स्थायिक होण्याची दारं जवळपास बंद होती. १९३४ पासून काटेकोरपणे पाळल्या जाऊ लागलेल्या हेज कोडमध्ये गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायला बंदी होती. आशियाई नटनट्यांनाही त्याची झळ बसायची. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या अ‍ॅना मे वाँगला ‘द गुड अर्थ’मधली चिनी नायिका मिळाली नाही, ती जर्मन लुइझे रायनरला मिळाली आणि तिने त्यावर ऑस्कर घेतलं. मर्लने खरं सांगितलं असतं, तर ‘द डार्क एंजल’मधली इंग्रज नायिका, म्हणजे तिचं नामांकन, तिला मिळालंच नसतं. ‘वदरिंग हाइट्स’ तर सोडाच. त्या कादंबरीत सावळा आणि परका आहे तो हीथक्लिफ. १९३९ च्या सिनेमात तो झाला गोरा लॉरेन्स ऑलिव्हिए आणि गोरी कॅथी झाली आपली क्वीनी.

किंमत मोजली ती शार्लटने. लंडनच्या घरी पाहुणे आले की ती मोलकरीण ठरायची. १९३७ मध्ये ती गेली. बारा वर्षांनी मर्लने जुन्या फोटोवरून आईचं तैलचित्र करून घेतलं आणि चित्रकाराला तिचा रंग उजळ करायला सांगितला. ते चित्र मग मर्लच्या घरात भिंतीवर असायचं. मला तिच्या कुठल्याही सिनेमापेक्षा हे चित्र जास्त अस्वस्थ करतं.

१९७८ मध्ये होबार्टने आपल्या ‘कन्ये’चा सत्कार ठेवला. तब्येतीचं कारण सांगून ती तिथून लवकर निघाली. पुढच्या नोव्हेंबरात ती वारली.

मुंबईतला जन्मदाखला सापडला तो कॉन्स्टन्सच्या मुलाला. कॉन्स्टन्स म्हणजे शार्लटची मुलगी, मर्लची मोठी बहीण. निदान घरात सगळे तसंच समजत होते. दाखल्यावर आईच्या नावापुढे शार्लट नव्हती, कॉन्स्टन्स होती, आणि जन्माच्या वेळी तीच कोवळ्या वयाची पोर होती. जिला मोलकरीण म्हणून दाखवलं ती शार्लट मर्लची आजी होती. लेकीची अब्रू राखायला तिने नातीला पोटची म्हणून वाढवलं होतं.

कॉन्स्टन्सचा मुलगा म्हणजे मर्लचा भाऊच. तो लॉस एंजेलिसला तिला भेटायला गेला. तिने भेट नाकारली. तिच्या मृत्यूनंतर चरित्रकार आला तेव्हाही तो दाखल्याबद्दल बोलला नाही. २००२ च्या एका ऑस्ट्रेलियन माहितीपटासाठी मात्र त्याने ते सांगितलं.