लवदार एचेव्हेरियाची कुळकथा

'डोरिस टेलर' ही एचेव्हेरिया वंशातली संकरित वनस्पती. जाड, गरदार पानांचा बसका झुबका आणि पानांवर दाट पांढरी लव, एवढ्यावर ती ओळखता येते. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम टेलर यांनी हा संकर केला आणि त्याला पत्नीचे नाव दिले. रोपवाटिकांत बहुतेक संकर नुसते 'सक्युलंट' म्हणून विकले जातात. हिचे आईबाप तरी ठाऊक आहेत.

दोघेही मेक्सिकोतले. एचेव्हेरिया सेटोसा प्वेब्ला राज्यातली, बिनखोडाची, ताठ केसांची. पुल्विनाटा ओआहाकातली, झुडपासारखी वाढणारी, मखमली अंगाची. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ रोझ यांनी पुल्विनाटाचे वर्णन १९०३ मध्ये प्रसिद्ध केले आणि सेटोसाचे १९१० मध्ये, पर्पस या सहलेखकासह. संकरात सेटोसाचा बसकेपणा आला, पुल्विनाटाचे फांद्या फुटणारे खोड आले. लव तर दोन्ही घरची.

वंशाचे नाव मात्र एका चित्रकाराचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सेसे आणि मोसिन्यो या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मोहिमेसाठी अतानासिओ एचेव्हेरिया मेक्सिकोतल्या वनस्पतींची चित्रे काढत होता. पुढे मोसिन्योने ती चित्रे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ दी कांदोल यांच्याकडे सोपवली आणि १८१७ मध्ये अचानक परत मागितली. तेव्हा जिनिव्हातल्या हौशी चित्रकारांनी, त्यांत स्त्रियाही बऱ्याच होत्या, सुमारे दहा दिवसांत हजाराहून अधिक नकला उतरवून काढल्या. १८२८ मध्ये दी कांदोल यांनी या वंशाला चित्रकाराचे नाव दिले. मूळ चित्रे दीर्घकाळ बेपत्ता होती. १९८० च्या सुमारास ती बार्सिलोनातल्या एका खासगी संग्रहात सापडली.

एचेव्हेरिया आपल्या पानफुटीच्याच कुळातली. या कुळाच्या पाणी वाचवण्याच्या रीतीची पहिली नोंद भारतात झाली. पानफुटीचे पान सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागते, असे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांनी इथून कळवले आणि ते १८१५ मध्ये लंडनमध्ये छापले गेले. कारण नंतर उलगडले. पाणी वाचवण्यासाठी ही झाडे दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून दिवसा वापरतात. लवही त्याच काटकसरीतली. ती ऊन परतवते आणि पानालगतची हवा अडवून ओलावा टिकवते.

कोरड्या डोंगरांसाठी घडलेले हे अंग गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकशाला आणले की उलटते. तिथला हाजरा धबधबा ज्या पावसावर कोसळतो, त्यात ही लव पाणी धरून ठेवते आणि झुबका मध्यापासूनच कुजू लागतो. म्हणून जून ते सप्टेंबर कुंडी छपरीत, पागोळ्यांपासून लांब, वारा खेळेल अशी ठेवावी लागते. पाणी माती पूर्ण सुकल्यावरच, तेही बुडाशी. पानांवर शिंपडू नये. धानाच्या बांधीतली जड कन्हार माती तर अजिबात नको. मुरूम, जाड वाळू, फुटक्या कवेलूंचा चुरा आणि थोडे कुजलेले शेणखत पुरते. कुंडी मातीची, बुडाला भोक असलेली. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, रात्रीही तापतात आणि वाढ थंडावते. तेव्हा सकाळचे कोवळे ऊन पुरे, दुपारी सावली हवी, पाणीही बेतानेच. हिवाळा मात्र तिला मानवतो. थंडी आणि भरपूर ऊन मिळाले की पानांची टोके लालसर होतात.

संकराचे बी पेरून तेच झाड मिळत नाही. म्हणूनच जगभरची खरी 'डोरिस टेलर' झाडे एकाच रोपाचे तुकडे आहेत. खोड लांबून झुबका कलंडला की तो थोड्या दांड्यासह कापायचा, चार-पाच दिवस सावलीत काप सुकवायचा आणि कोरड्या मातीत टेकवायचा. मुळे दिसेपर्यंत पाणी नाही. उरलेल्या बुंध्यावर नवे कोंब येतात. सुट्या पानापासूनही रोप होते, पण पान देठाशी अखंड निघायला हवे.

किडींत पिठ्या ढेकूण सर्वांत त्रासदायक, कारण तो पांढरा आणि लवही पांढरी. पानांच्या बेचक्यात चिकट कापूस दिसला की स्पिरिटमध्ये बुडवलेल्या काडीने तो टिपून घ्यावा. निंबोळी तेलाचा फवारा लवेत अडकून राहतो, त्यामुळे या झाडावर टाळलेला बरा.