हातिमताईच्या मुलाचा प्रश्न

हातिमताईचे नाव आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असते. कुणी जास्तच उदारपणा दाखवला, की 'मोठा हातिमताई लागून गेलास!' असे आपण सहज म्हणतो. पण या हातिमताईला अदी नावाचा मुलगा होता आणि तो पट्टीचा शिकारी होता, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. अदी बिन हातिम (र.) हे तय टोळीचे सरदार. आधी ते ख्रिस्ती होते. पुढे त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि ते प्रेषित मुहम्मद (स.) यांचे सहाबी झाले. त्यांनी प्रेषितांना विचारलेले काही प्रश्न बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आले आहेत. ते प्रश्न रानावनात हिंडणाऱ्या माणसाचे आहेत. शिकारी कुत्र्याने पकडलेले जनावर खावे का? बाण लागलेले जनावर दुसऱ्या दिवशी सापडले तर काय करावे?

त्यांतला एक प्रश्न 'मिअराद'बद्दल आहे. या शब्दाचे भाष्यकारांनी एकाहून अधिक अर्थ दिले आहेत. त्यांपैकी एक अर्थ म्हणजे पिसे नसलेला, मधे जाड आणि दोन्ही टोकांना बारीक असलेला बाण. असा बाण पुष्कळदा आडवा जाऊन आदळतो. उत्तर असे मिळाले, की त्याने टोकाने भेदले असेल तर ते जनावर खा. तो आडवा लागून जनावर मेले असेल तर खाऊ नका, कारण ते मार लागून मेलेले आहे. सूरह माइदाच्या तिसऱ्या आयतीत निषिद्ध मांसाची जी यादी आहे, तिच्यात मार लागून मेलेले जनावरही आहे.

हे मी अनेकदा वाचले होते. वाळवंटातली जुनी गोष्ट म्हणून सोडूनही दिले होते. तिचा अर्थ मला कळला तो अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, माझ्या भाच्याच्या घरामागच्या मोकळ्या जागेत.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला आणि ते योग्यच झाले. पण पेनसिल्व्हेनियात हरणांची संख्या मोठी आहे. तिथे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात शिकार करता येते. भाचा मूळचा आपल्या कोकणातला. तिथल्या मित्रांच्या नादाने धनुष्य शिकला. आदल्या वर्षी त्याच्या हातून जे घडले, ते त्याने मला पहिल्याच रात्री सांगितले. उन्हाळाभर त्याने सराव केला होता. वीस यार्डांवर त्याचे बाण एकमेकांना चिकटून बसत. हंगामाच्या दिवशी त्याने सरावाची टोके काढून शिकारीची पाती लावली आणि बिस्मिल्लाह म्हणून बाण सोडला. बाण छातीत न लागता मागे, पोटात लागला. हरीण पळाले. अंधार पडेपर्यंत त्याने रक्ताचा माग काढला. सकाळी ते ओढ्याच्या पाण्यात मेलेले सापडले.

"मामू, मी ते खाल्लं नाही. पण माझं चुकलं कुठे? नेम तर बरोबर होता."

न खाण्याचे कारणही अदींच्या हदीसमध्येच आहे. बाण लागलेले जनावर एक-दोन दिवसांनी सापडले आणि अंगावर तुमच्याच बाणाची खूण असेल तर खाता येते. पण ते पाण्यात सापडले तर नाही. ते बाणाने मेले की बुडून, हे कसे ठरवणार? राहिला दुसरा प्रश्न, चुकले कुठे? त्यासाठी धनुष्याचा इतिहास थोडा पाहावा लागतो.

आपला 'तिरंदाज' हा शब्द फारसीतून आला. तीर म्हणजे बाण आणि अंदाज म्हणजे टाकणारा. 'कमान' हाही फारसीच. दाराच्या कमानीत आपण आजही धनुष्याचा आकार पाहतो. मध्ययुगीन मुस्लिम जगात तिरंदाजीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले गेले. इ.स. १३६८ च्या सुमारास तयबुगा या ममलूक तिरंदाजाने शिकणाऱ्यांसाठी एक काव्य रचले आणि त्यावर स्वतःच भाष्य लिहिले. इ.स. १५०० च्या सुमाराचे मोरोक्कोतले एक अरबी हस्तलिखित प्रिन्स्टन विद्यापीठात आहे. नबीह अमीन फारिस हे अरब विद्वान आणि रॉबर्ट एल्मर हे तिरंदाज डॉक्टर, या दोघांनी मिळून १९४५ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. बाण धनुष्याच्या ताकदीला साजेसा हवा, हा या परंपरेतला नेहमीचा विषय. चांगले धनुष्य आणि चांगला बाण एवढे पुरत नाही. दोघांचे एकमेकांशी जमावे लागते.

ते का, हे १९३० च्या दशकात डोळ्यांना दिसले. क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने अतिवेगवान छायाचित्रणातून दाखवले, की सुटलेला बाण काठीसारखा ताठ जात नाही. तो माशासारखा वळवळत निघतो. म्हणून बाण किती वाकतो हे आज मोजले जाते. २८ इंचांवर दोन टेकू देऊन बाण ठेवायचा आणि मधोमध सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगायचे. तो अर्धा इंच वाकला तर त्यावर ५०० हा आकडा येतो. आकडा जितका लहान, तितका बाण ताठ. पुढच्या टोकाचे वजन वाढवले, की तोच बाण सुटताना जास्त वाकतो.

भाच्याच्या हातातले कंपाऊंड धनुष्य मात्र अलीकडचे. मिसूरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन या शिकाऱ्याने धनुष्याच्या टोकांना कप्प्या बसवल्या. १९६६ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळाले. आजच्या ६० पौंडांच्या कंपाऊंड धनुष्याची दोरी पूर्ण ओढल्यावर हातावर जेमतेम १२ ते १५ पौंडांचा भार राहतो. त्यामुळे शांतपणे नेम धरता येतो. २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनमध्ये जगज्जेते झाले, ते याच प्रकारच्या धनुष्यावर.

पण स्पर्धेचा बाण आणि शिकारीचा बाण यांत मोठा फरक आहे. सरावाचे टोक गोळीसारखे निमुळते असते. बाण किंचित तिरका सुटला तरी मागची पिसे त्याला वाटेत सरळ करतात आणि निशाणावर काहीच कळत नाही. शिकारीच्या टोकाला, म्हणजे ब्रॉडहेडला, रुंद पाती असतात. ही पाती म्हणजे बाणाच्या तोंडाशी लावलेले पंखच. बाण तिरका सुटला, की पाती हवा धरतात आणि पिसांशी झगडू लागतात. बाण भरकटतो. वजन तेच, नेम तोच, हात तोच, तरी बाण चार-सहा इंच दूर. हरणाच्या बाबतीत चार-सहा इंच म्हणजे छाती आणि पोट यांतले अंतर. धनुष्यातला दोष उन्हाळाभर होताच. पिसांनी तो झाकून ठेवला होता.

या वर्षी भाच्याने तो दोष शोधायला घेतला. आधी दोन्ही कॅम एकाच वेळी फिरतात का ते पाहिले. मग लाकडी चौकटीत कागद ताणून बसवला आणि दोन-तीन मीटरवरून त्यातून बाण मारला. बाण सरळ गेला तर कागदाला एक भोक आणि पिसांच्या तीन चिरा दिसतात. त्याचा कागद आडवा फाटला होता. म्हणजे बाणाचे शेपूट एका बाजूला जात होते. त्याने बाण ज्यावर टेकतो ती रेस्ट अगदी केसभर सरकवली. पुन्हा कागद. पुन्हा केसभर.

मग त्याने एका बाणाची पिसे काढून टाकली आणि तो पिसांच्या बाणांबरोबर मारला. पहिल्यांदा तो वाकडा होऊन निशाणात रुतला. मला एकदम मिअरादची आठवण झाली. पिसे नसलेला बाण खोटे बोलत नाही. धनुष्याने त्याला जसे सोडले, तसाच तो जातो.

शेवटची परीक्षा ब्रॉडहेडची. पाती बसवलेला प्रत्येक बाण त्याने आधी टोकावर भिंगरीसारखा फिरवून पाहिला. जो डगमगला, तो बाजूला. वीस यार्डांवर तीन बाण सरावाच्या टोकांचे आणि तीन ब्रॉडहेडचे, दोन्ही सारख्याच वजनाचे. ब्रॉडहेड डावीकडे लागत होते, म्हणून रेस्ट उजवीकडे, एका वेळी इंचाचा बत्तिसावा भाग. मग हेच तीस यार्डांवर. चौथ्या संध्याकाळी सहाही बाण एका जागी आले. त्यानंतरच त्याने नेम धरायच्या साइटला हात लावला.

मी विचारले, "आधीच साइट का नाही सरकवली? ब्रॉडहेड डावीकडे जातात, तर साइटही डावीकडे. पाच मिनिटांचं काम."

तो म्हणाला, "मागच्या वर्षी हंगामानंतर तेच करून पाहिलं, मामू. बाण निशाणावर लागतो. पण जातो तिरकाच. वारा आला, की पुन्हा भरकटतो. आणि तिरका घुसलेला बाण खोल जात नाही. जनावर तडफडतं." वाटेत पाती मिटलेली राहतात अशीही टोके दुकानात मिळतात. तीही दोष पुष्कळ झाकतात. धनुष्य जुळेपर्यंत ती घ्यायची नाहीत, असे त्याने ठरवले होते.

अदींच्या प्रश्नाला मिळालेले उत्तर मी तेव्हा नव्याने वाचले. बाण लागला की नाही, एवढ्यावर तिथे निकाल नाही. तो कसा लागला, यावर आहे. जनावर मारायची परवानगी मिळाली, तरी ते कसेही मारण्याची मिळालेली नाही. आपण हलालची चर्चा बहुतेक वेळा खाटकाच्या सुरीपाशी सुरू करतो आणि तिथेच संपवतो. सुरीला धार हवी, जनावराला कमीत कमी यातना व्हाव्यात, हे आपल्याला पाठ असते. तोच नियम बाणाला लावायचा, तर त्याची सुरुवात रानात होत नाही. बिस्मिल्लाह बाण सोडताना म्हणायची असते, पण त्याआधी चार संध्याकाळी कागद फाडत बसावे लागते.

मी परतलो तेव्हा हंगाम सुरू व्हायचा होता. नोव्हेंबरमध्ये त्याचा फोन आला. दोनदा हरीण दिसले, पण चाळीस यार्डांच्या पलीकडे होते, म्हणून त्याने बाण सोडला नाही. तिसऱ्यांदा सोडला. हरीण त्याच्या नजरेसमोरच, थोड्या अंतरावर पडले.

मी विचारले, "बाण कसा लागला?"

"सरळ, मामू," तो म्हणाला. "आरपार."