कोल्हापूरची पत्रे आणि माझे एक पत्र

नरकचतुर्दशीला फराळाआधी कारीट चिरडून त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा, ही आम्हां कोकणवासीयांची जुनी चाल. या लेखातला तेवढा कडवटपणा वाचकांनी गोड मानून घ्यावा. कारण प्रथम माझीच चूक सांगायची आहे.

पनवेलीत निवडणुकीचे दिवस होते. एका उमेदवाराचे म्हणून एक पत्र माझ्या मोबाइलवर आले. त्यात पैशांच्या देवघेवीची भाषा होती. मी संतापलो आणि 'जनहितार्थ' असा शब्द जोडून ते शंभरेक लोकांना धाडले. आठवड्याने कळले की पत्र बनावट होते. मी ते गुपचूप पुसून टाकले. पुढे वडाळे तळ्याकाठी ते गृहस्थ समोरून येताना दिसले, तेव्हा मी वाट बदलली.

त्या रात्री मला कोल्हापूर प्रकरण आठवले. १८८१ साली 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ होत आहे, अशी बोलवा होती. दिवाण माधवराव बर्वे यांना दोषी ठरवणारी पत्रे हाती आली आणि या पत्रांनी बर्व्यांवर टीका केली. बर्व्यांनी फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. आगरकर आणि टिळक, दोघेही पंचविशीच्या आसपासचे. त्यांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते २६ ऑक्टोबरला सुटले.

महाराजांविषयीची त्यांची कळकळ मात्र खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा अंत झाला. पण कळकळ खरी असली म्हणून पत्र खरे होत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असा प्रश्न पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर विचारला. दुसरीने त्याला पसंती दिली. दोघींना अटक झाली. त्यांनी कोणावर खोटा आळ घेतला नव्हता. नुसते मत मांडले होते. ज्या ६६ अ कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले.

मला वाटते, राजकीय बोलण्याची पारख इथेच करावी. मत कितीही बोचरे असो, त्याला मोकळीक हवी. पण अमक्याने अमुक केले असे म्हणायचे, तर पुरावा आपणच पारखला पाहिजे. आणि चुकलो तर जितक्यांना आरोप ऐकवला तितक्यांना माफीही ऐकवली पाहिजे.

आगरकर-टिळकांनी ती भर कोर्टात मागितली. मला तर कोणी कोर्टातही ओढले नव्हते. परवा मी त्याच शंभरेक लोकांना लिहिले, 'ते पत्र खोटे होते, चूक माझी.' आज लाडवांचा डबा घेऊन त्या गृहस्थांकडे निघालो आहे. ते दार उघडतील की नाही, ठाऊक नाही.