सरे येथील तीन पुस्तके आणि ‘धर्मनिरपेक्ष’ शाळा

शाळेतील समलिंगी-द्वेष रोखण्याच्या धोरणांना धार्मिक मंडळींनी केलेला विरोध हा विषय निघाला की चर्चा लगेच दोन टोकांना जाते. एका बाजूला ‘धर्म म्हणजे मागासलेपणा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘आमच्या मुलांवर अतिक्रमण’. या दोन्ही टोकांपासून दूर राहून एका प्रकरणाचा इतिहास पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल. ते प्रकरण कॅनडातील आहे.

ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील सरे हे व्हँकूव्हरलगतचे शहर. तेथील मोठ्या पंजाबी वस्तीमुळे त्याचे नाव आपल्याकडेही परिचित आहे. तेथील बालवाडीचे शिक्षक जेम्स चेंबरलेन यांनी तीन चित्रपुस्तके पूरक वाचन म्हणून मंजूर करावीत अशी मागणी केली. पैकी ‘आशाज् मम्स’ या पुस्तकातील आशा नावाच्या मुलीला विज्ञान केंद्राच्या सहलीला जायचे असते. संमतिपत्रकावर दोन आयांची नावे पाहून शिक्षिका अडून बसतात. दुसऱ्या पुस्तकात लठ्ठपणावरून चिडवली गेलेली मुलगी आहे आणि तिची समजूत तिच्या मित्राच्या दोन आयांपैकी एक घालते. तिसरे पुस्तक निरनिराळ्या रंगांच्या वडिलांचे गमतीचे पद्य आहे. तिन्हींत शरीरसंबंधाचा उल्लेखही नाही. मुले आणि त्यांचे घर, एवढाच विषय. प्रांताच्या अभ्यासक्रमानेही बालवाडी व पहिलीच्या मुलांना कुटुंबाचे निरनिराळे प्रकार ओळखता यावेत असे उद्दिष्ट ठेवले होते.

तरीही २४ एप्रिल १९९७ रोजी निवडून आलेल्या शाळा मंडळाने ही पुस्तके नाकारली. त्या आधी दोन आठवडे, समलिंगी शिक्षकांच्या संघटनेने सुचवलेले साहित्य वापरू नये असाही ठराव मंडळाने केला होता. या काळाची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. त्याच वर्षी प्रांतातील शिक्षक संघटनेने शाळांतील समलिंगी-द्वेषाविरुद्ध काम करण्याचा ठराव केला होता आणि त्यावरून पालकांत खळबळ माजली होती. आक्षेप घेणारे केवळ ख्रिश्चन नव्हते. मुस्लिम, शीख आणि हिंदू पालकही त्यांत होते. एरवी ज्यांचे एकमेकांशी फारसे जमत नाही असे लोक या एका प्रश्नावर एकत्र आले होते.

प्रकरण न्यायालयात गेले आणि तेथे सारा वाद एका शब्दाभोवती फिरू लागला. प्रांताच्या शाळा कायद्याचे ७६ वे कलम सांगते की सार्वजनिक शाळा काटेकोर धर्मनिरपेक्ष आणि पंथातीत तत्त्वांवर चालवल्या जाव्यात. उच्चतम नीती बिंबवावी, पण कोणत्याही धर्माचे मत शिकवू नये. या कलमाची मुळे १८७२ च्या कायद्यापर्यंत जातात. तेव्हा भांडण कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांचे होते. सव्वाशे वर्षांनी तोच शब्द अगदी वेगळ्या भांडणात कामाला आला.

पहिल्या न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले की मंडळाच्या निर्णयावर धार्मिक विचारांचा मोठा प्रभाव होता, म्हणून तो रद्द. अपील न्यायालयाने २००० मध्ये हे उलटवले. धर्मनिरपेक्ष म्हणजे धर्मविरहित नव्हे, ते बहुविधतेला जागा देणारे तत्त्व आहे. एखाद्याचे नैतिक मत धर्मातून आले आहे एवढ्यावरून ते सार्वजनिक चर्चेतून बाद करता येत नाही, असे त्या न्यायालयाचे म्हणणे. हे विधान अल्पसंख्याक धर्मीयांना मोलाचे वाटावे असेच आहे. नास्तिकाच्या विवेकाला दार उघडे आणि श्रद्धावंताच्या विवेकाला बंद, ही धर्मनिरपेक्षता नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २००२ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी मंडळाचा ठराव रद्द केला. मुख्य न्यायाधीश बेव्हर्ली मॅकलॅक्लिन यांच्या निकालपत्राचा खरा विशेष पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. त्यांनी पहिल्या न्यायालयाचा संकुचित अर्थ उचलून धरला नाही. धर्मनिष्ठ पालकांचे म्हणणे मंडळाने ऐकावे, त्याचा विचारही करावा. पण समाजातील एका भागाच्या धार्मिक मतांच्या आधारे दुसऱ्या भागाच्या मूल्यांना विचारातूनच वगळू नये, असा त्यांचा निष्कर्ष होता. समलिंगी पालकांची मुले त्याच वर्गांत बसत होती, आणि मंडळाने त्यांची गरज तोललीच नव्हती. शिवाय मंडळाने स्वतःचे निकषही बाजूला ठेवले होते. समतेच्या घटनात्मक हक्कापर्यंत जाण्याची न्यायालयाला गरजच भासली नाही.

घरी एक आणि शाळेत दुसरेच ऐकून लहान मुले गोंधळतील, हा आक्षेप मंडळाने पुढे केला होता. त्याला मॅकलॅक्लिन यांनी दिलेले उत्तर आपल्या शिक्षकांना सहज पटेल. आपल्याला घरी मना असलेले पदार्थ शेजारचा मुलगा डब्यातून खातो, हे मुले रोजच पाहतात. त्यातून ती शिकतातच. वेगळा डबा आणि वेगळा पोशाख घेऊन ज्यांची मुले परक्या शाळेत जातात, त्या समाजांचा तर हा रोजचा अनुभव आहे.

न्या. गाँतिए यांचे विरोधी मतही वाचण्याजोगे आहे, न्या. बास्ताराश त्यांच्याशी सहमत होते. पाच-सहा वर्षांच्या मुलांना काय केव्हा सांगावे याचा पहिला अधिकार पालकांचा, आणि एखाद्याचे वर्तन अमान्य असूनही त्याचा मान राखता येतो, ही त्यांची भूमिका. ती पोकळ नाही. सरेच्या मंडळाने ती नीट मांडून, दुसऱ्या बाजूच्या पालकांनाही ऐकून घेऊन निर्णय केला असता तर निकाल कदाचित वेगळा लागला असता, असे मला वाटते.

पुढे जे घडले त्यात थोडा विनोदही आहे. जून २००३ मध्ये मंडळाने तीच पुस्तके पुन्हा नाकारली. या वेळी धर्माचा शब्दही नव्हता. व्याकरणाच्या चुकांसारखी कारणे होती. समलिंगी पालक असलेली दुसरी पुस्तके मात्र मंजूर झाली.

याच सुमारास शेजारच्या नॉर्थ व्हँकूव्हरचे एक प्रकरण गाजत होते. एका विद्यार्थ्याला माध्यमिक शाळेत पाच वर्षे ‘समलिंगी’ म्हणून शिव्या आणि मार खावा लागला. तो समलिंगी नव्हता. मग हा भेदभाव कसा, असा बचाव शाळा मंडळाने केला. एप्रिल २००५ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळून मंडळाला जबाबदार धरले. समलिंगी-द्वेषाविरुद्धच्या धोरणाचा लाभ कोणाला, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर शोधावे लागणार नाही. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती केली, तेव्हा धर्म, जात आणि लैंगिक कल यांवरून होणारा छळ एकाच वाक्यात बसवला.

ब्रिटिश कोलंबियाने २०१६ अखेर सर्व शाळा मंडळांना आचारसंहितेत लैंगिक कल व लिंगभाव यांचा उल्लेख सक्तीचा केला. २० सप्टेंबर २०२३ रोजी कॅनडाच्या अनेक शहरांत याविरुद्ध मोर्चे निघाले. त्यांत मुस्लिम कुटुंबे ठळकपणे होती आणि पुराणमतवादी ख्रिश्चन त्यांच्या शेजारी चालत होते. मागणी पालकांच्या अधिकाराची होती, म्हणजे गाँतिए यांचीच. समोर प्रतिमोर्चेही होते.