धुळ्याच्या तुरुंगातील रविवार

चाळीसगावाहून रेल्वेची जी शाखा धुळ्यास जाते, तिच्या टोकाच्या त्या गावातील तुरुंगात १९३२ साली मराठी वाङ्मयाला एक थोर ग्रंथ लाभला. २१ फेब्रुवारी ते १९ जून या अवधीतील अठरा रविवारी विनोबा भावे यांनी सहबंद्यांपुढे गीतेवर प्रवचने केली. श्रोत्यांत बसलेल्या साने गुरुजींनी ती झरझर उतरून घेतली, म्हणूनच ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहेत. पुढल्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग अवघ्या पाच दिवसांत लिहिला.

ही पुस्तके तुरुंगात जन्मली खरी. पण त्यांत तुरुंग शोधू जावे तर तो क्वचितच भेटतो. संत पौलाची बंदिवासातील पत्रे आपण उपासनेत ऐकतो. त्यांतही बेड्यांचा उल्लेख ओझरताच. न्यायालयीन कोठडीत असतानाच ५ जुलै २०२१ रोजी निवर्तलेले येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांनीही तळोज्याहून लिहिताना गरीब सहबंद्यांची आठवण ठेवली. आपल्या देहदुःखाचे प्रदर्शन मांडू नये, हा सत्याग्रहींचा संस्कार तर होताच. शिवाय धुळ्यास कागद होता, श्रोते होते, एकत्र बसण्याची मुभा होती. आमच्या मते हे दुसरे कारण अधिक मोलाचे.

कारण जेथे यांतले काहीच नसते, तेथे कोठडी हाच ग्रंथाचा विषय होतो. मोरोक्कोत १९७१ व १९७२ साली राजा दुसरा हसन याच्याविरुद्ध लष्करी उठाव झाले. त्यांत दोषी ठरलेल्या ५८ जणांना १९७३ मध्ये ताझमामार्तच्या गुप्त तुरुंगात, अंधाऱ्या एकांतकोठड्यांत कोंडण्यात आले. १९९१ साली सुटका झाली तेव्हा २८ जण उरले होते. त्यांच्यापैकी अझीझ बिनबीन यांच्या हकिकतीवरून ताहर बेन जेलून यांनी २००१ मध्ये कादंबरी लिहिली. तीत एक बंदी मनातल्या मनात तास मोजतो, दुसरा आठवणीतल्या कथा भिंतीपलीकडच्यांना सांगतो. मोरोक्कोत मात्र टीका झाली : माणसे मरत होती तेव्हा हा लेखक गप्प का होता? टीका अगदीच अनाठायी नव्हे. साने गुरुजींनीही दुसऱ्याचेच शब्द लिहिले. पण ते त्याच तुरुंगात, त्याच शिक्षेत बसून.

२००९ मध्ये बिनबीन यांनी आपली कहाणी स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केली.